ब्रेकमधील दाब-स्विच : एअर ब्रेकपासून एबीएसपर्यंत

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील ब्रॉडवे परिसरातून २००२ मध्ये कोयंबेडूचे बसस्थानक सुरू होईपर्यंत बाहेरगावच्या अनेक गाड्या सुटत. एअर ब्रेकची बस बराच वेळ उभी राहिली असेल, तर इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ बझर वाजतो. टाकीत पुरेशी हवा भरली की तो थांबतो आणि मगच चालक गाडी हलवतो. हा बझर वाजवणारा लहानसा भाग म्हणजे दाब-स्विच. त्याचा इतिहास समजला, तर एबीएसच्या रचनेतील एक महत्त्वाचा प्रश्न तुमच्या लक्षात येईल.

साध्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पायाचा जोर द्रवामार्फत चाकापर्यंत जातो. द्रव गळू लागला, तर बहुधा पेडलवरूनच कळते. अवजड गाड्यांना मात्र पायाचा जोर पुरत नाही, म्हणून दाबलेली हवा टाकीत साठवून वापरतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या सुंदरम-क्लेटन कंपनीने ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंड्र कंपनीच्या सहकार्याने चेन्नईतील पाडी येथे अशी ब्रेकसामग्री बनवली. पण साठा वापरण्यात एक धोका असतो : तो संपत आला तरी पायाला ते नीट जाणवत नाही. ही उणीव स्विच भरून काढतो. त्यात एका बाजूला दाब झेलणारा पडदा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. दाब घटला की स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते, विजेचे संपर्कबिंदू जुळतात आणि बझर वाजतो.

मोटारींच्या एबीएसमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लास मोटारीत आली. तिच्यातील पंप चाकाकडून सोडलेला द्रव मास्टर सिलिंडरकडे परत ढकलत असे. उच्च दाबाचा साठा तिला लागत नसे. १९८४ मध्ये टेव्हस कंपनीच्या मार्क-२ प्रणालीने वेगळी वाट धरली. तिच्यात विद्युत पंप द्रव दाबून नायट्रोजनयुक्त संचायकात साठवी आणि हाच साठा ब्रेकला जोर पुरवी. दाब सुमारे १४० बारपर्यंत उतरला की स्विच पंप सुरू करी आणि सुमारे १८० बारला बंद करी. दोन मर्यादा का, याचा विचार करा. मर्यादा एकच असती, तर पंप क्षणाक्षणाला सुरू-बंद होत राहिला असता. दाब सुमारे १०५ बारच्या खाली गेला, तर इशाऱ्याचा दिवा लागे आणि एबीएस बंद केली जाई. अपुऱ्या साठ्यावर चाकांचा दाब कमी-जास्त करत राहिले, तर उरलेला साठाही ब्रेकच्या ऐनवेळी खर्च होईल, हे त्यामागचे कारण.

पुढे मोटारींत साठ्याविना चालणारी रचनाच अधिक रूढ झाली. १९९५ पासून आलेल्या ईएसपी प्रणालीला तर चालकाने नेमका किती दाब दिला, हे मोजावे लागते. स्विच फक्त ‘पुरेसा’ किंवा ‘अपुरा’ एवढेच सांगतो. म्हणून तेथे दाब-संवेदक आला. अवजड गाड्यांत हवेचा साठा कायम असल्याने दाबावर पहारा ठेवण्याची गरज मात्र टिकून आहे.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीची आहे. त्यांत उच्च दाबाचा साठा नसतो, पण इशाऱ्याचा दिवा असतोच. गाडी चालू लागल्यावरही तो विझला नाही, तर साधा ब्रेक बहुधा लागेल, पण चाक जाम होण्यापासून संरक्षण मिळणार नाही, असे समजा.

स्वाध्याय : पायाच्या जोरावर चालणारा ब्रेक आणि साठ्यावर चालणारा ब्रेक यांत बिघाडाची सूचना चालकाला कशी मिळते, याची तुलना करा.