देशमुख, चिंतामण द्वारकानाथ : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील मते (१९६९)

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर १६ ऑगस्ट १९६९ रोजी झालेल्या निवडणुकीत चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) तिसरे आले. स्वतंत्र पक्ष व भारतीय जनसंघ हे त्यांचे मुख्य पाठीराखे. उमेदवार १५ होते.

पहिल्या पसंतीची मते : व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५; नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८; देशमुख १,१२,७६९ (सुमारे १३.५ टक्के). विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती.

राज्यवार आधार : वरील आकडे माणसांचे नव्हेत, मतदान करणाऱ्या खासदार-आमदारांच्या मतमूल्यांचे आहेत. खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. आमदाराचे मूल्य १९६१ च्या जनगणनेनुसार राज्यागणिक बदले : उत्तर प्रदेशात १७४, महाराष्ट्रात १४६. परभणीतल्या आमदाराचे मतही मुंबईच्या आमदाराइतकेच, १४६ चे. १९६७ च्या विधानसभा निवडणुकांत स्वतंत्र पक्षाला गुजरातेत ६६ व ओरिसात ४९, तर जनसंघाला मध्य प्रदेशात ७८ जागा मिळाल्या होत्या. महाराष्ट्रात मात्र २७० पैकी जनसंघाच्या ४, स्वतंत्र पक्षाची एकही नाही. चार आमदारांचे मूल्य ५८४, म्हणजे जेमतेम एका खासदाराएवढे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या या नेत्याच्या पाठीराख्या पक्षांचे बळ त्याच्याच राज्यात इतके तुटपुंजे असावे, ही या निवडणुकीतील एक लक्षणीय बाब होय.

दुसरी पसंती : पहिल्या फेरीत कोणालाच आवश्यक मते न मिळाल्याने तळाचे उमेदवार क्रमाने बाद करण्यात आले. शेवटी देशमुखांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली. अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. पहिल्या मोजणीपासून रेड्डींची भर ९१,८७९, गिरींची अवघी १८,५६२. तरीही तेवढ्यावर गिरींनी मर्यादा ओलांडली. देशमुखांची नोंद केवळ ‘तिसरा क्रमांक’ म्हणून करणे त्यामुळेच अपुरे ठरते.

इतर निवडणुका : १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर विजयी.