उघड्या दाराचा वाद : शारदा सदन आणि त्याचे देणगीदार

पुण्यातील शारदा सदनात पंडिता रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह ख्रिस्ती प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि आश्रमातील काही मुली आपणहून आत येऊन बसत. १८९३ साली या दारावरून असा वाद पेटला की, बोस्टन आणि पुणे या दोन्ही शहरांतील सहायकांना एकच प्रश्न पडला : या संस्थेला आपला पैसा आणि आपले नाव द्यावे का?

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, व्याख्याने देत फिरल्या आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. दहा वर्षे खर्च देण्याचे तिने मान्य केले. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. गंमत अशी की, अनेक कर्मठ ख्रिस्ती लोक युनिटेरियनांना पुरते ख्रिस्तीच मानीत नसत. निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र आले होते ते एका अटीवर : संस्थेत कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही.

ही अट पुण्या-मुंबईच्या सुधारकांना फार मोलाची वाटली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली. मुलींना आपापले जातिनियम आणि सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. एखादा बाप आपल्या विधवा मुलीला तेथे पाठवी, तो बोस्टनच्या पैशाकडे पाहून नव्हे, रानड्यांच्या नावाकडे पाहून.

परंतु तटस्थता म्हणजे नेमके काय, हे कोणीच नीट ठरवले नव्हते. रमाबाईंच्या मते धर्म शिकवायचा नाही, पण स्वतःहून जवळ येणाऱ्या मुलीला अडवायचेही नाही. सल्लागारांच्या मते अल्पवयीन, परावलंबी मुलीसमोर आश्रयदात्रीने रोज प्रार्थना करणे हीच एक शिकवण होती. टिळकांच्या ‘केसरी’ने तर आधीपासूनच टीकेचा भडिमार चालवला होता. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगी रमाबाईंना लबाड ठरवणे सोपे आहे, तसेच रानड्यांना भित्रे ठरवणेही. पुढील शंभर वर्षांत दोन्ही प्रकार झाले. वस्तुतः रमाबाईंनी आपली श्रद्धा कधीच झाकली नव्हती. रानड्यांनीही, ज्या आश्वासनावर लोकांनी मुली सोपवल्या त्याला आपली साक्ष होती, एवढेच ओळखले. दार लावून घेतले असते तर कदाचित वाद शमला असता. पण मग प्रार्थना चोरून करावी लागली असती आणि ते रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते.

बोस्टनहून कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज चौकशीसाठी पुण्यात आल्या. असोसिएशनने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला आणि मदतही चालू ठेवली. पुढे दुष्काळातील मुलींसाठी रमाबाईंनी केडगावला ‘मुक्ती’ उभारली ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. तिला देणगी देणाऱ्याला आपण कशाला पैसा देत आहोत याविषयी शंका उरली नाही.

ज्यांनी नाव काढून घेतले त्यांचे काय? शारदा सदनच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, स्वतःचे एक हजार रुपये घातले आणि अध्यक्षपदी डॉ. भांडारकरांना आणले. या वेळी अट वेगळी होती. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या कर्व्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवली, म्हणजे पुनर्विवाह न पटणारा गृहस्थही विधवांच्या शिक्षणासाठी चार रुपये देऊ शकेल. त्या देणग्या गोळा करीत गावोगाव हिंडल्या त्या आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले. कित्येक वर्षे हे काम त्यांनी केशवपन केलेल्या वेषातच केले.