पराभवाचे रसायन

‘वर्चस्व’ आणि ‘शरणागती’ हे शब्द मुळात माणसांच्या व्यवहारातले. विसाव्या शतकात प्रयोगशाळेने ते प्राण्यांना लावले आणि पुढे तेच शब्द ‘निसर्गनियम’ होऊन माणसांकडे परतले. या प्रवासातला एक टप्पा साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावा असे आम्हांला वाटते.

१९८० साली हार्वर्डमधील एडवर्ड क्रॅव्हिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉबस्टरच्या शरीरात सेरोटोनिन टोचले. (आपली शेवंड याच गोतावळ्यातली; मात्र तिला मोठ्या नांग्या नसतात.) प्राण्याने पाय आणि शेपूट आत वळवून विजेत्यासारखा पवित्रा घेतला. ऑक्टोपामिन टोचताच उलट घडले : अंग ताणले गेले, हरलेल्याचे दिसते तसे. सेरोटोनिन म्हणजे विजय, असे सुटसुटीत समीकरण येथे हाती लागल्यासारखे वाटते.

ते फार काळ टिकण्याजोगे नव्हते. १९९६ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात डोनाल्ड एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातला क्रेफिश निवडला. संकट येताच शेपटीचा फटका मारून पळण्याची आज्ञा देणारा एक मज्जापेशी त्याच्या शरीरात असतो. त्यावर सेरोटोनिन सोडले, तर वरचढ प्राण्यात त्याचा प्रतिसाद वाढला आणि दबलेल्या प्राण्यात तोच मंदावला. रसायन एकच, परिणाम मात्र प्राण्याने आधी काय भोगले आहे त्यावर ठरणारा. या पेशीवर सेरोटोनिनचे निदान दोन प्रकारचे ग्राहक असावेत आणि त्यांचे बळ सामाजिक अनुभवानुसार बदलत असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. संहिता तीच, वाचक निराळा, असे म्हणण्याचा मोह होतो. अर्थात हे रूपक आमचे, त्यांचे नव्हे.

१९९७ मध्ये रॉबर्ट ह्यूबर, क्रॅव्हिट्झ आदींनी दाखवले, की सेरोटोनिन टोचलेला हरलेला प्राणी पुन्हा झुंजीला उभा राहतो. म्हणजे बदलतो तो माघारीचा निर्णय. हरलेल्याची शक्ती संपलेली नसते, हे येथे उघड होते.

आणि तरीही २०१८ साली जॉर्डन पीटरसन यांच्या खपाच्या पुस्तकाने याच लॉबस्टरला श्रेणीव्यवस्थेच्या प्राचीनतेचा साक्षीदार केले आणि वाचकाला ताठ उभे राहण्याचा सल्ला दिला. उच्चनीचतेला सृष्टीचा आधार शोधण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून ही साक्ष आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही. साक्षीदाराचा १९८०चा जबाब तेवढा ऐकायचा आणि १९९६चा गाळायचा, हे कोणत्या न्यायाने?

त्या १९९६च्या प्रयोगात आणखी एक गट होता : एकटे ठेवलेले क्रेफिश, ना जेते ना पराभूत. त्यांच्यातही सेरोटोनिनने प्रतिसाद वाढला. पण इतरांमध्ये रसायन काढून घेताच परिणाम ओसरत असे, तसा तो या एकट्यांमध्ये ओसरला नाही.