पणजोबा लढाईत गेले, एवढंच माहीत आहे? त्यांची नोंद अशी शोधा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे : "आमचे पणजोबा लढाईत गेले." कुठल्या लढाईत, कुठल्या पलटणीत, कुठल्या देशात, हे विचारलं की उत्तर थांबतं. "बसऱ्याला गेले", "जर्मनच्या लढाईत गेले", फार तर एवढंच.

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय सैनिक आणि मदतनीस समुद्रापार गेले. त्यातले सुमारे ७४ हजार परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेलं आणि सुमारे ८७ हजारांचा मृत्यू झाला. यातल्या बहुतेकांची कुठे ना कुठे लेखी नोंद आहे. ती शोधायची कशी, हे टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

पहिला टप्पा : आधी घरातली पेटी उघडा

इंटरनेटवर जाण्याआधी घरात शोधा. चार गोष्टी मिळाल्या तर निम्मं काम होतं : पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पलटण आणि सैनिक क्रमांक.

पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याला मिळालेल्या पदकांवरही बऱ्याचदा नाव असतं. पदक घासून चकचकीत करू नका, कारण अक्षरं झिजतात आणि पुरावाच पुसला जातो.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी असेल, तर ती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्याच्या वारसांना दिलेली स्मृतिफलक-तबकडी आहे. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा नसतो. मरणानंतर सगळे सारखे, हा त्यामागचा विचार होता.

पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, गणवेशातला फोटो, हे सगळं दोन्ही बाजूंनी मोबाईलवर टिपून ठेवा. फोटोतल्या टोपीवरचा आणि खांद्यावरचा बिल्ला मोठा करून बघा. पलटण ओळखायला तो पुरेसा ठरू शकतो.

दुसरा टप्पा : पलटणीचा नंबर वाचायला शिका

इथे बरेच जण गोंधळतात. १९२२ मध्ये हिंदी सैन्याची फेररचना झाली आणि पलटणींचे नंबर बदलले. म्हणून नंबरवरूनच युद्ध कोणतं हे कळतं.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ नंतर त्या एकत्र येऊन पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली. त्यामुळे कागदावर '११७ मराठा' असेल तर काळ पहिल्या महायुद्धाचा, आणि '३/५ मराठा' असेल तर दुसऱ्या. '३/५' म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन.

'१११ महार' ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात स्थापन झाली. 'सॅपर' असा शब्द असेल तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सकडे बघा.

पलटणीवरून ठिकाणाचाही अंदाज येतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई झाली. मग ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाराला वेढा पडला. शेवटी उपासमारीने शरणागती आली आणि सुमारे १३ हजार जण तुर्कांचे कैदी झाले. कैदेत आणि पायपिटीत पुष्कळ मेले. तुमच्या घरातलं 'बसऱ्याला गेले' हे बहुधा याच मोहिमेबद्दल असतं.

तिसरा टप्पा : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा शोध

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि तो पूर्णपणे मोफत आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सुमारे १७ लाख जणांची नोंद ठेवते. तिच्या संकेतस्थळावर 'फाइंड वॉर डेड' या भागात नाव टाकून शोधता येतं.

मृत्यू गोळीनेच झालेला असला पाहिजे, असं नाही. सेवेत असताना ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात तापाने, कॉलऱ्याने वा अपघाताने मृत्यू झाला असला, तरी नोंद असते. 'लढाई संपल्यावर १९१९ मध्ये वारले' अशी घरातली आठवण असेल तरी शोध सोडू नका.

नोंदीत साधारणपणे नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचं नाव असतं. पुष्कळदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. खरी ओळख पटते ती या शेवटच्या ओळीवरून.

नाव सापडत नाही? या तीन गोष्टी तपासा

एक, स्पेलिंग. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. जाधव, पवार, शिंदे, मोरे यांची स्पेलिंग पाच-सहा प्रकारे सापडतात. 'व'साठी कधी व्ही तर कधी डब्ल्यू, शेवटचा 'व' कधी ओ. काही वेळा आडनावच नसतं, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी पलटण आणि वर्ष टाका आणि यादी नजरेखालून घाला.

दोन, जुना जिल्हा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, म्हणून कुडाळ-मालवणचा सैनिक 'रत्नागिरी' खाली मिळेल. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं. आजच्या सांगली जिल्ह्यातली बरीच गावं साताऱ्यात होती. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, जत, औंध ही संस्थानं होती. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

तीन, एकाच नावाचे अनेक जण. नाव जुळलं म्हणून लगेच 'सापडले!' अशी पोस्ट टाकू नका. वडिलांचं नाव, गाव, पलटण, वर्ष यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. चुकीची नोंद एकदा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली की ती मागे घेणं फार अवघड असतं.

समाधी का नसते?

नोंद मिळाल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "त्यांची कबर कुठे आहे?" हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य असेल तिथे अग्नी दिला जात असे. त्यामुळे कबरीऐवजी दहन-स्मारकावर नाव असतं. एरिट्रियातलं केरेन, इटलीतलं सँग्रो नदीकाठचं स्मारक आणि मणिपूरमधलं इंफाळ इथे अशी दहन-स्मारकं आहेत.

ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची नावं मोठ्या स्मारकांवर आहेत. फ्रान्समधल्या न्यूव्ह-शापेल इथे ४,७०० हून अधिक भारतीयांची, म्यानमारमधल्या रंगून मेमोरियलवर सुमारे २७ हजार जणांची. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत.

बसऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मरण आहे. पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली. साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा लिहिला गेला. ब्रिटिश शिपायाला नाव आणि भारतीय शिपायाला आकडा, असा हा भेद होता. २०२१ मध्ये कमिशनच्याच विशेष समितीच्या अहवालाने ही असमानता मान्य केली आणि कमिशनने माफी मागितली. अहवालानुसार, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचं नावानिशी स्मरण झालं नाही, किंवा मुळीच झालं नाही. बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावं नाहीत, त्या भारतीय शिपायांची नावं आज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत शोधता येतात.

पणजोबा खलाशी असतील तर?

कोकणातले अनेक जण सैन्यात नव्हे, जहाजांवर गेले. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशी गृहात आहे. ही नावंही कमिशनच्या शोधात 'बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल' या नावाखाली मिळतात.

चौथा टप्पा : त्या दिवशी काय घडलं?

पलटण आणि तारीख कळली की पुढचं दार उघडतं. प्रत्येक तुकडी रोजनिशी लिहीत असे, तिला वॉर डायरी म्हणतात. या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या महायुद्धासाठी 'डब्ल्यूओ ९५', तर दुसऱ्या महायुद्धात इटलीसाठी 'डब्ल्यूओ १७०' आणि ब्रह्मदेशासाठी 'डब्ल्यूओ १७२' ही मालिका बघा. काही डायऱ्या डिजिटल स्वरूपात आहेत. दिल्लीच्या भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही सैन्यविषयक जुन्या फायलींसाठी उपयोगी आहे.

अपेक्षा मात्र योग्य ठेवा. डायरीत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचा बहुधा आकडाच असतो : 'मृत ६, जखमी २१' अशा धाटणीचा. त्या सहांत आपला माणूस होता, हे तारखेवरून जुळवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, मृत्यू १० जुलै १९४४, नाव कॅसिनो मेमोरियलवर. एवढ्या एका ओळीवरून कळतं की मोहीम इटलीची, पार्थिवाची ज्ञात कबर नाही, आणि त्या दिवशी त्यांची बटालियन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून 'लंडन गॅझेट'मध्ये सविस्तर वर्णनही आहे : सोबतचे जवळजवळ सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. गॅझेटचे जुने अंक ऑनलाइन मोफत शोधता येतात. घरात शौर्यपदक असेल तर तिथे जरूर बघा.

पाचवा टप्पा : गावातले कागद

जे परदेशी अभिलेखागारात नाही, ते कधीकधी तलाठी दप्तरात असतं. जमीन नावावर असलेला माणूस मेला की वारसांची नोंद होते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत 'अमुक मयत' असा शेरा आणि वारसांची नावं मिळू शकतात. जुने भूमी अभिलेख अनेक जिल्ह्यांत 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत.

चावडी, मंदिर किंवा शाळेच्या भिंतीतला संगमरवरी फलकही बघा. गावातून किती जण लढाईला गेले आणि किती मेले, एवढंच त्यावर असतं, नावं सहसा नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आकडा कळला की तितकी नावं शोधायचं काम गावाने मिळून करता येतं.

१९४७ नंतरच्या युद्धांत मृत्यू झाला असेल तर मार्ग वेगळा आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातल्या हुतात्म्यांची नावं आहेत. शिवाय त्या त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय इथे लेखी अर्ज करता येतो. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे.

नोंद चुकीची असेल किंवा नसेलच, तर?

कमिशनकडे पुराव्यासह लिहून नाव, वडिलांचं नाव किंवा गाव दुरुस्त करून घेण्यासाठी विनंती करता येते. नाव मुळात नसेल तर समावेशाचीही विनंती करता येते. पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनचा कागद, फेरफाराची नक्कल, हे सगळं इथे कामी येतं. "सगळी माहिती काढून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. वरचे बहुतेक शोध मोफत किंवा किरकोळ शुल्कात होतात.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर हा शोध पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. कमिशनचं रजिस्टर आणखी शंभर वर्षं टिकेल. पण "त्यांचं पत्र आलं होतं, तेव्हा माझी आई तीन महिन्यांची होती" हे सांगणारं माणूस एकच असतं. ते आधी रेकॉर्ड करा, मग संगणक उघडा.