आपल्या वाड्यांचे लाकूड

भगिनींनो, नाशिकचा इतिहास म्हटला की देवळांची आणि घाटांची नावे निघतात. ज्या लाकडाच्या आधारावर या गावाने पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ती या स्मरणिकेत करावी, असे मला वाटले.

पेशवाईत सराफ बाजारातील सरकारवाड्यासारखे वाडे गंगेकाठी उभे राहिले. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कड्या, अशी त्यांची रचना. बाहेरच्या भिंती जाड खऱ्या, पण आतला बहुतेक भार लाकडावरच. घर केवढे, तेही खणांवरूनच सांगत. म्हणून खांब कुजला असेल, तर नुसत्या नव्या गिलाव्याने घर सावरत नाही.

सागाचा गाभा टिकाऊ असतो. वाळवी बाहेरचे फिकट लाकूड आधी खाते. लाकूड नुसत्या वयाने कुजत नाही, ओलीने कुजते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल टिकून राहिली की बुरशीचे फावते. १९६९, २००८ आणि २०१६ या साली गंगेला महापूर आले. ज्या वाड्यांत पाणी शिरले, तेथे तळखड्यालगतचा खांब आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके प्रथम तपासावीत.

परीक्षा साधी आहे. हातोडीने ठोकले असता आवाज भरीव येतो की बद्द, हे ऐकावे. दाभण सहज रुतते का, वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का, दोरी ताणली असता तुळईला झोळ दिसतो का, हे पाहावे. इंजिनिअर ओलावा मोजतात. बारीक सुईसारखे गिरमिट आत घालून पोकळीही शोधतात.

दर पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तेव्हा कोणी म्हणतो, सारे पाडा. कोणी म्हणतो, इतकी वर्षे काही झाले नाही. मला दोन्ही पटत नाहीत. जीव पहिला, धोका दिसला तर आधी बाहेर पडावे. परंतु निवाडा खांबागणिक व्हावा. कुजलेले टोक कापून तेथे नवे सागवान जोडता येते.

कोठे गळते, कोणती फळी पायाखाली दबते, हे घरातल्या बाईला आधी कळते. ते तारखेनिशी लिहून ठेवावे आणि तपासणीला येणाऱ्यापुढे निःसंकोच मांडावे, एवढीच माझी विनंती.