तळटीप : आंट लिडिया

७. आंट लिडिया : मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीतील पात्र. कादंबरीतल्या गिलियड या काल्पनिक राष्ट्राच्या राजवटीत स्त्रियांना वाचायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरही अक्षरांऐवजी चित्रे. अपवाद ‘आंट’ या पदावरच्या स्त्रियांचा. मुले जन्माला घालण्यासाठी राखलेल्या ‘हँडमेड’ स्त्रियांना वळण लावणे हे त्यांचे काम. कमरेला गुरे हाकायची विजेची काठी असते, बंदूक मात्र नाही. तेवढा भरवसा पुरुषांनी त्यांच्यावरही टाकलेला नाही. तरी लिडियाचे खरे हत्यार काठी नव्हेच. धाक ती वडीलधाऱ्या मायेच्या सुरात घालते, आणि तिची वाक्ये पुढे निवेदिकेच्या डोक्यात आपसूक वाजत राहतात. तिला निव्वळ खलनायिका ठरवणे (समीक्षकांनी ते सर्रास केले) मला उथळ वाटते. ‘द टेस्टामेंट्स’ या पुढच्या कादंबरीत (२०१९) ती स्वतःच लिहू लागते, तेव्हा कळते की ती पूर्वी न्यायाधीश होती; आधी स्टेडियममध्ये डांबून तिचे हाल केले गेले, मग हे पद पुढे आले. प्रस्तुत लेखातले विवेचन पहिल्या कादंबरीपुरतेच आहे. — संपा.