‘प्रोटेस्टंट’ म्हणजे नेमके कोण? एका शब्दाचा इतिहास आणि त्याच्या मर्यादा

वस्तीपातळीवर कुटुंबांची माहिती गोळा करताना आमच्या फॉर्मवर ‘ख्रिस्ती’ या रकान्यापुढे दोनच चौकटी होत्या : कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट. प्रत्यक्षात लोकांनी दिलेली उत्तरे या चौकटींत बसेनात. कोणी म्हणाले, “आम्ही मराठी मिशनचे.” कोणी म्हणाले, “आम्ही मुक्तिफौजेचे.” एका मावशींनी तर सांगितले, “आम्ही प्रार्थनेला जातो, बाकी काही नाही.” ‘प्रोटेस्टंट’ हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. तरीही आम्ही सगळ्यांपुढे दुसऱ्या चौकटीत खूण केली. पुढे त्या माहितीवर काम करायची वेळ आली तेव्हा चूक लक्षात आली. हा लेख त्या चुकीतून घडला आहे.

शब्द कुठून आला

1517 साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर या धर्मगुरू-प्राध्यापकाने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव मात्र त्यानंतर 12 वर्षांनी आले. 1526 साली श्पायर येथे भरलेल्या साम्राज्याच्या सभेने आपापल्या प्रदेशात धर्माचा व्यवहार कसा ठेवायचा याची मोकळीक संस्थानिकांना दिली होती. 1529 साली त्याच शहरातील दुसऱ्या सभेने ती काढून घेतली. त्याविरुद्ध सहा संस्थानिक आणि 14 मुक्त शहरांनी लेखी हरकत नोंदवली. या हरकतीला ‘प्रोटेस्टाटिओ’ म्हणत, आणि ती नोंदवणारे ते ‘प्रोटेस्टंट’. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ ‘जाहीरपणे साक्ष देणे’ असाही आहे. म्हणून अनेक प्रोटेस्टंट आपल्या नावाचा अर्थ ‘निषेध करणारे’ असा न करता ‘साक्ष देणारे’ असा करतात.

नावात निषेध आहे, म्हणून विद्रोही?

चळवळीतील तरुणांमध्ये एक समज आढळतो : प्रोटेस्टंट म्हणजे धर्मसत्तेविरुद्ध उठलेले, म्हणजे दबलेल्यांच्या बाजूचे. इतिहास इतका सरळ नाही. 1525 साली जर्मनीतील शेतकरी वेठबिगारी आणि जाचक करांविरुद्ध उठले. त्यांनी आपल्या मागण्यांना बायबलचा आधार दिला. ल्यूथरने सुरुवातीला दोन्ही बाजूंना सुनावले, पण नंतर तो उघडपणे सरदारांच्या बाजूने उभा राहिला आणि उठाव चिरडण्याचे समर्थन केले.

दुसरे उदाहरण खुद्द श्पायरचे. बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा असे म्हणणाऱ्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणत. 1529 च्या त्याच सभेने त्यांच्यासाठी देहदंडाचा कायदा केला. स्वतःच्या हक्कासाठी हरकत नोंदवणाऱ्या संस्थानिकांनी या कायद्याला मात्र हरकत घेतली नाही. त्याआधी, 1527 साली, सुधारणावादी झुरिक शहरानेच फेलिक्स मान्झ या ॲनाबॅप्टिस्टाला नदीत बुडवून मारले होते. थोडक्यात, मूळ ‘प्रोटेस्टंट’ हे नाव राज्यकर्त्यांच्या एका गटाचे होते, आणि त्यांच्या सावलीतही दुसरे बहिष्कृत होते.

एका छत्रीखाली किती घरे?

ज्या वर्षी नाव मिळाले त्याच वर्षी फूटही दिसली. 1529 च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली यांची बैठक झाली. 15 पैकी 14 कलमांवर एकमत झाले. प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो की ते स्मरण आहे, या प्रश्नावर दोघे वेगळे झाले. पुढे जी मुख्य घराणी तयार झाली ती अशी :

ल्यूथरन : जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात रुजलेले.

रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन : झ्विंग्ली आणि जिनिव्हाचा कॅल्विन यांच्या परंपरेतील. प्रेस्बिटेरियन मंडळींचा कारभार बिशपऐवजी वडीलजनांच्या सभा पाहतात.

अँग्लिकन : इंग्लंडच्या राजाने 1534 साली पोपची सत्ता नाकारल्यानंतर घडलेले. बिशप आणि जुनी उपासनापद्धती यांनी टिकवली.

बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल : प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र, हा यांचा आग्रह. बॅप्टिस्ट बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत.

मेथॉडिस्ट : अठराव्या शतकात जॉन वेस्ली याच्या चळवळीतून निघालेले.

पेंटेकॉस्टल : विसाव्या शतकाच्या आरंभीचे. 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाने चालवलेल्या सभांपासून ही लाट जगभर गेली.

या सर्वांत साधारणपणे तीन गोष्टी समान सांगितल्या जातात : अंतिम अधिकार बायबलचा, तारण विश्वासाने आणि देवाच्या कृपेने, आणि प्रत्येक विश्वासणाऱ्याला देवापुढे थेट उभे राहता येते. कॅथोलिकांच्या सात संस्कारांऐवजी बहुतेक प्रोटेस्टंट दोनच मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पण इथेही अपवाद आहेत. मुक्तिफौज हे दोन्ही विधी करत नाही, तरी तिला प्रोटेस्टंटांतच मोजतात.

कोण कोणाला काय म्हणतो

हे नाव कोण वापरतो त्यावर त्याचा अर्थ बदलतो. जर्मनीत ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळी स्वतःला ‘इव्हँजेलिश’, म्हणजे शुभवर्तमानाचे, म्हणवतात. अँग्लिकनांतील एक गट आपण कॅथोलिक परंपरेचाच सुधारलेला भाग आहोत असे सांगतो, तर दुसरा अभिमानाने प्रोटेस्टंट म्हणवतो. काही बॅप्टिस्ट म्हणतात, आम्ही रोममधून फुटलोच नाही, तर प्रोटेस्टंट कसे? अनेक पेंटेकॉस्टल फक्त ‘विश्वासणारे’ म्हणवतात. कॅथोलिक चर्च पूर्वी या सर्वांना पाखंडी ठरवत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ‘विभक्त बंधू’ हा शब्द रूढ झाला. 1999 साली कॅथोलिक आणि ल्यूथरन यांनी तारणाच्या प्रश्नावर, म्हणजे मूळ भांडणाच्याच विषयावर, संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

‘कॅथोलिक नाही तो प्रोटेस्टंट’ हेही चूक. केरळच्या ऑर्थोडॉक्स सीरियन मंडळींचा ल्यूथरच्या चळवळीशी संबंध नाही. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य मानत नाहीत. बहुतेक प्रोटेस्टंट त्यांना आपल्यात धरत नाहीत.

महाराष्ट्रातील चित्र

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले, 1831 साली अहमदनगरला पोहोचले. ते मुख्यतः काँग्रिगेशनल. त्या जिल्ह्यात महार आणि मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. जोतीराव फुले पुण्यात ज्या शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनची, म्हणजे प्रेस्बिटेरियन परंपरेची. नागपूरचे हिस्लॉप कॉलेजही त्याच परंपरेतले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पद्धतीने झाला. पण 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे धार्मिक जागरण झाले ते आज पेंटेकॉस्टल इतिहासात सांगितले जाते.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरमध्ये अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स यांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. एक मोठी मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. म्हणजे युरोपात शतकानुशतके वेगळी राहिलेली घरे इथे एका छताखाली आली, तरी सगळी आली नाहीत.

आपल्याला याचे काय?

एक, अभ्यासाचा काटेकोरपणा. मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांचा संबंध मांडला तेव्हा त्याचा भर कॅल्विनवादी आणि त्यांच्या जवळच्या पंथांवर होता. ते विधान अहमदनगरच्या शेतमजूर ख्रिस्ती कुटुंबावर चिकटवता येत नाही. श्रीलंकेतील अनागारिक धर्मपालांच्या काळातील बौद्ध जागृतीला गणनाथ ओबेसेकरे यांनी 1970 साली ‘प्रोटेस्टंट बौद्ध धर्म’ म्हटले. त्यात दोन अर्थ होते : मिशनऱ्यांविरुद्धचा निषेध आणि त्यांच्याच पद्धतींचा स्वीकार. शब्द किती ताणला जातो हे त्यावरून दिसते.

दोन, हक्काचा प्रश्न. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कायदा तिथे कॅथोलिक की पेंटेकॉस्टल असे विचारत नाही. मदतीच्या वेळी मात्र हा फरक फार पडतो. बिशप असलेल्या मंडळीकडे कार्यालय, नोंदवही, जमिनीची कागदपत्रे असतात. पत्र्याच्या खोलीत चालणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनागृहामागे बहुतेक वेळा एक पाळकच असतो. त्यावर संकट आले तर कोणाशी बोलायचे, हे ‘प्रोटेस्टंट’ या एका खुणेवरून कळत नाही. आमच्या त्या फॉर्मवरून आम्हालाही कळले नव्हते.

तीन, नावाचा मान. सरकारी योजनांच्या कागदांवर आपल्याला ‘नवबौद्ध’ लिहिले जाते, तेव्हा आपण सांगतो की आम्ही बौद्ध आहोत. दुसऱ्याने दिलेले नाव कसे बोचते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. म्हणून शेजाऱ्याची नोंद करताना चौकटीत खूण करण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : “तुमची मंडळी कोणती?” आणि ते जे सांगतील तेच लिहावे. आमच्या फॉर्मवर आता चौकटी नाहीत, एक मोकळी ओळ आहे.